पिनोकिओला त्याच्या चुका परत द्या

प्रति,
चित्रपट निर्मिती विभाग,
वॉल्ट डिस्ने स्टुडिओज,
बरबँक, कॅलिफोर्निया.

विषय : आपला २०२२ सालचा ‘पिनोकिओ’ हा चित्रपट

महोदय,

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका लहान गावात प्राथमिक शिक्षक आहे. शनिवारी आमची शाळा सकाळची असते आणि शेवटचा तास गोष्टीचा. दरवर्षी पाचवीच्या वर्गाला मी पिनोकिओची, म्हणजे खराखुरा मुलगा होऊ पाहणाऱ्या लाकडी बाहुल्याची, गोष्ट सांगतो. इटालियन लेखक कार्लो कोलोदीची, सगळीच्या सगळी. ३६ प्रकरणं आहेत. एका शनिवारी एक, मुलांनी फारच हट्ट धरला तर दोन. जूनमध्ये सुरू केलेली गोष्ट परीक्षेपर्यंत पुरते. माझ्याकडचं पुस्तक इंग्रजी भाषांतराचं आहे. सांगतो मराठीत, आणि रंगात आलो की मालवणीत.

यंदा आम्ही गाढवांच्या प्रकरणापर्यंत पोचलो होतो. पिनोकिओला लांब कान फुटले आणि वर्ग चिडीचूप झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तो शेवटी मुलगा होतच नाही. मी बघितलंय.” सुट्टीत मुंबईला मामाकडे गेली असताना तिनं तुमचा चित्रपट मोबाइलवर पाहिला होता. मी म्हणालो, होतो, जरा थांब. ती ऐकेना. तिनं तर डोळ्यांनी पाहिलं होतं. मग पुढच्या बाकावरचा एक मुलगा मागे वळून म्हणाला, “मग एवढं सगळं कशाला केलं त्यानं?”

मी त्या मुलाला उत्तर देऊ शकलो नाही, कारण तो प्रश्न मला विचारलेला नाही. तो तुम्हाला आहे. म्हणून हे पत्र. तुमचा चित्रपट ८ सप्टेंबर २०२२ ला आला आणि त्यावर तेव्हाच पुष्कळ लिहून झालं, हे मला ठाऊक आहे. पण समीक्षक लिहून मोकळे होतात आणि चित्रपट मोबाइलवर राहतो. आमच्या मुलांपैकी बहुतेकांना पिनोकिओ पहिल्यांदा भेटतो तो तिथेच.

या गोष्टीशी माझं नातं काय, ते आधी सांगतो.

माझे वडील सुतार होते. घराच्या पडवीतच त्यांचं काम चाले. रंधा मारताना निघणाऱ्या लाकडाच्या सालींत आम्ही भावंडं खेळलो. मी सातवीत असताना स्कॉलरशिपच्या परीक्षेची फी भरायला त्यांनी मला पैसे दिले. त्याच दिवशी कुणाच्या तरी दाराची चौकट बसवून आणलेले पैसे होते ते. शेजारच्या गावात त्या रात्री जत्रा होती. खाज्याची दुकानं, बंदुकीनं फुगे फोडायचा खेळ, मध्यरात्रीनंतर दशावतार. मी ती फी जत्रेत उडवली. घरी येऊन सांगितलं, पैसे वाटेत पडले. वडिलांनी बॅटरी घेतली, मला बरोबर घेतलं, आणि जत्रेच्या वाटेवर वाकून वाकून, गवत बाजूला करून, ते पैसे शोधू लागले. अर्धी पाणंद त्यांनी तशी पालथी घातली. मग मला राहवेना. खरं सांगितलं. त्यांनी बॅटरी बंद केली. “चल घराक. फाल्या बगूया,” उद्या बघू, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून महिनाभर मी शाळेतून आल्यावर पाट घासले. बोटांची सालं निघेपर्यंत पॉलिशपेपर मारला. फी मुदतीच्या आदल्या दिवशी भरली गेली.

त्यानंतर वर्षभरानं वाचनालयात पिनोकिओची एक संक्षिप्त मराठी गोष्ट हाती लागली. त्यात पिनोकिओला लाकडातून घडवणारा त्याचा बाप, म्हातारा जेपेत्तो, पोराला शाळेचं पुस्तक आणायला बर्फात बाहेर पडतो आणि नुसत्या सदऱ्यावर परत येतो. “कोट कुठे?” “विकला.” “का?” “उकडत होतं.” आणि दुसऱ्या दिवशी हा लाकडाचा पोरगा काय करतो, तर वाटेत बाहुल्यांच्या खेळाचे ढोल ऐकून तेच पुस्तक चार सोल्दींना, म्हणजे चार नाण्यांना, विकून टाकतो. मी ते पान किती वेळा वाचलं असेन, सांगता येणार नाही. जगात कुणीतरी माझ्याइतकं वाईट वागलं होतं, त्याच्याही बापानं त्याला टाकलं नव्हतं, आणि त्याची गोष्ट तिथे संपली नव्हती.

आता तुमच्या चित्रपटाकडे येतो.

तुमचा पिनोकिओ शाळेत जायला निघतो. वाटेत लबाड कोल्हा भेटतो, पण रातकिडा जिमिनी त्याला वेळीच सावरतो आणि पोरगं शहाण्यासारखं शाळेत पोचतं. तिथे मुख्याध्यापक त्याला हाकलून देतात, कारण तो बाहुला आहे. मग तो बाहुल्यांच्या खेळाकडे जातो. म्हणजे शाळा बुडवण्याचा दोष त्याचा उरलाच नाही. तो मुख्याध्यापकांचा झाला. शिक्षक म्हणून मला याचं दुःख वेगळंच आहे, पण ते बाजूला ठेवू. शाळा मुलांना नाकारते, हे खरं आहे, आणि त्यावर स्वतंत्र चित्रपट व्हायला हवा. पण या गोष्टीत पोरगं पुस्तक विकतं ते स्वतःच्या हौसेपायी. आपल्या बापाचा कोट त्या पुस्तकात गेला आहे हे ठाऊक असताना विकतं. ते काढून घेतलंत की पुढच्या कशालाच वजन राहत नाही.

नाकाचंही तसंच झालं. तुमच्याच १९४० च्या चित्रपटात पिनोकिओ पिंजऱ्यात असतो, निळी परी येऊन विचारते, तो खोटं बोलतो, नाक वाढतं, त्याला फांद्या फुटतात, पानं येतात, शेवटी घरटंसुद्धा दिसतं. खोटं असंच वाढत जाऊन चेहऱ्यावर दिसू लागतं, असं परी त्याला समजावते. तो चूक कबूल करतो तेव्हा सुटतो. २०२२ मध्ये तुम्ही याच प्रसंगात काय केलंत? पिंजऱ्याची किल्ली लांब आहे. पोरगं खोटं बोलतं, नाक लांब होतं, आणि त्या नाकानं किल्ली मिळवून ते बाहेर पडतं. जगभरच्या मुलांना या गोष्टीतलं दुसरं काही आठवो न आठवो, नाक आठवतं. ते नाक तुम्ही हत्यार म्हणून त्याच्या हाती दिलंत. माझ्या वर्गातल्या त्या मुलीनं मला हेही सांगितलं होतं : “सर, खोटं बोलला म्हणून तर सुटला ना तो.” तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं जे पाहिलं ते बरोबर सांगितलं.

जिथे मोहात पडलेली मुलं गाढवं होतात त्या मौजेच्या बेटावर तुम्ही त्याला नेता, पण तिथेही त्याचे हात स्वच्छ ठेवता. १९४० मध्ये तो बीअर पितो, सिगार ओढतो, घाबराघुबरा होतो. आता त्याच्या हाती रूट बीअरचं गोड सरबत आहे, सिगार नाही, आणि सगळा वेळ त्याच्या चेहऱ्यावर “हे बरोबर चाललेलं नाही” असा भाव आहे. मुलांना सिगार दाखवू नये ही काळजी मला समजते. मीही शाळेत शिकवतो. वर्गात तो प्रसंग कसा सांगायचा याचा विचार मलाही करावा लागतो. पण कोलोदीच्या पुस्तकात या बेटाच्या जागी खेळण्यांचा देश आहे, आणि तिथे सिगार नाहीच. तिथे शाळा नाहीत, पुस्तकं नाहीत, आठवड्यात सहा गुरुवार आणि एक रविवार, आणि गुरुवारी शाळेला सुट्टी. नुसता खेळ. पिनोकिओ तिथे पाच महिने राहतो आणि एक दिवसही त्याला बापाची आठवण येत नाही. मुलांना हे प्रकरण सांगताना त्यांचे डोळे चमकतात, कारण प्रत्येकाला तिथे जायचं असतं. मोह असा मनापासून झाला पाहिजे. ज्याला मोहच झाला नाही त्याला गाढवाचे कान फुटले तर तो अन्याय वाटतो, आणि तुमच्या चित्रपटात तो तसाच वाटतो.

आणि तिथला त्याचा मित्र, तुमचा लॅम्पविक, कोलोदीचा लुचिन्योलो. तुमच्या चित्रपटात तो गाढव होतो आणि गोष्टीतून निघून जातो. १९४० मध्येही तसंच होतं. मात्र तिथे त्याच्या रडण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पुस्तकात तो पुन्हा भेटतो. पिनोकिओ बापाला माशाच्या पोटातून सोडवून आणतो. म्हातारा आजारी आहे, त्याला दूध हवं. एका शेतकऱ्याकडे दूध मिळतं, पण पैसे नाहीत. शेतकरी म्हणतो, रहाट फिरव, शंभर बादल्या पाणी काढ, एक पेला दूध देतो. आतापर्यंत हे काम करणारं त्याचं गाढव तबेल्यात मरायला टेकलेलं असतं. पिनोकिओ जाऊन बघतो. ते गाढव म्हणजे लुचिन्योलो. मरताना ते तुटक तुटक आपलं नाव सांगतं. पोरगं मूठभर गवतानं डोळे पुसतं. शेतकरी विचारतो, फुकटच्या गाढवासाठी एवढा का रडतोस? तो सांगतो, माझा मित्र होता. शाळेतला.

मग पुढचे पाच महिने पिनोकिओ रोज पहाट व्हायच्या आधी उठून तो रहाट फिरवतो. मेलेल्या मित्राच्या जागी स्वतः जुंपून घेतो म्हणा ना. टोपल्या विणायला शिकतो. बापाला ऊन मिळावं म्हणून छोटी गाडी करतो. रात्री एक फाटकं पुस्तक घेऊन वाचायला बसतो. काडीची लेखणी आणि तुती-चेरीच्या रसाची शाई. नव्या कपड्यांसाठी चाळीस सोल्दी साठवतो आणि परी आजारी असल्याचं कळताच ते सगळे तिच्यासाठी देऊन टाकतो. त्या रात्री दहाऐवजी बारापर्यंत जागतो आणि आठाऐवजी सोळा टोपल्या विणतो. सकाळी उठतो तेव्हा तो मुलगा झालेला असतो. खोलीत खुर्चीला टेकवून ठेवलेला लाकडाचा बाहुला दिसतो, मान एका बाजूला पडलेली.

इथे आलो की दरवर्षी वर्गातलं कुणीतरी सुस्कारा सोडतं. त्यांच्याही घरी पहाटे उठणारी माणसं आहेत. शंभर बादल्या म्हणजे काय, हे इथल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या शेवटात रहाट नाही, टोपल्या नाहीत. बाप निपचित पडलेला आहे, पोराचा अश्रू पडतो आणि बाप उठतो. मग रातकिडा सांगतो की पिनोकिओ खराखुरा मुलगा झाला असं म्हणतात, झालाही असेल, नसेलही, मनानं तर तो खराच होता. बाप म्हणतो, तू आहेस तसा मला हवा आहेस. दोघं उजेडाकडे चालत जातात. तो “आहेस तसा” कसा आहे, हे मात्र आम्हाला चित्रपटभर कळलेलं नाही, कारण तुम्ही त्याच्याकडून काही घडूच दिलं नाही.

कुणी म्हणेल, हे गुरुजी जुन्याला चिकटून बसले आहेत. तसं नाही. तुमच्या १९४० च्या चित्रपटानं कोलोदीला केवढं बदललं होतं! पुस्तकात बोलणारा रातकिडा चौथ्या प्रकरणातच पिनोकिओनं फेकलेल्या हातोडीनं मरतो. तुम्ही त्याला सोबती केलंत, आणि ते छान केलंत. पुस्तकातला राक्षसी मासा तुमच्याकडे देवमासा झाला. मी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. कोलोदीनं स्वतः तरी कुठे गोष्ट अखंड धरली होती? १८८१ साली मुलांच्या साप्ताहिकात ती क्रमशः येत होती तेव्हा त्यानं पंधराव्या प्रकरणात पिनोकिओला ओकच्या झाडाला फाशी देऊन ती संपवली होती. वाचकांच्या आग्रहावरून पुढची लिहिली आणि १८८३ मध्ये पुस्तक झालं. गोष्ट बदलते. आमच्याकडे पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात रामायण सांगतात. तिथेही सांगणारा आपलं चार शब्दांचं काही घालतोच.

शेवटी पोरगं लाकडाचंच राहिलं, हीही माझी तक्रार नव्हे. तुमच्याच वर्षी, २०२२ मध्ये, दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो यांचाही पिनोकिओ आला. त्यात तर सगळंच वेगळं आहे, मुसोलिनीचा इटली आहे, आणि त्यांचाही पिनोकिओ शेवटी लाकडाचाच राहतो. पण तो उर्मट आहे, मोडतोड करतो, बापाचं ऐकत नाही, निघून जातो. बाप दारूच्या नशेत, मेलेल्या मुलाच्या शोकात त्याला घडवतो आणि पुढे त्याला “ओझं” म्हणतो. बापही चुकतो, पोरगंही चुकतं आणि दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून तिथे “तू आहेस तसा” या शब्दांनी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हीही जेपेत्तोला मुलगा गेल्याचं दुःख दिलंत, पण ते भिंतीवरच्या तसबिरीसारखं राहिलं. त्या दुःखामुळे म्हातारा कधी चुकत नाही.

तुमच्यात चांगलं काहीच नव्हतं असं म्हटलं तर मी खोटं बोलेन. जेपेत्तो झालेले टॉम हँक्स मनापासून काम करतात. पायाला आधारपट्टी लावलेली, नाचायचं स्वप्न सुटलेली आणि आता बाहुलीकडून नाच करवून घेणारी फाबियाना ही तुमची स्वतःची भर. ती मुलगी पडद्यावर येते तेवढा वेळ चित्रपट श्वास घेतो. तिच्यावर आणखी अर्धा तास खर्च केला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं कदाचित.

त्याऐवजी वेळ कशावर गेला? जेपेत्तोच्या भिंतीवरच्या घड्याळांवर. त्यांतून तुमच्याच इतर चित्रपटांतली पात्रं बाहेर येतात : वुडी, रॉजर रॅबिट, छोट्या सिंहाला उचलून धरणारा माकड. माझ्यासारख्या सुताराच्या पोराला हे फार लागलं. कोलोदीच्या जेपेत्तोच्या घरात एक मोडकी खुर्ची, एक खाट, एक पडायला आलेलं टेबल असतं आणि भिंतीवर चूल रंगवलेली असते. रंगवलेला जाळ, रंगवलेलं पातेलं, त्यातून निघणारी रंगवलेली वाफ. खरी चूल पेटवायला घरात काही नाही. त्या भिंतीवर तुम्ही स्वतःची जाहिरात टांगलीत. पुढे म्हातारा ती घड्याळं विकून होडी घेतो तेव्हा गलबलून यायला हवं होतं. कोट विकणारा बाप त्यात दिसायला हवा होता. दिसला नाही, कारण ती घड्याळं त्याची वाटलीच नाहीत.

आता माझं मागणं.

जुन्या गोष्टी पुन्हा करणं तुम्ही थांबवणार नाही, हे उघड आहे. मी थांबवा म्हणतही नाही. पण पुढची गोष्ट हातात घ्याल तेव्हा पात्राच्या चुका पुसू नका. मुलं चुका बघून बिघडत नाहीत. आपण एकट्यानंच चूक केली आहे असं वाटलं की बिघडतात. वाईट शब्द गाळा, सिगार गाळा, मोह मात्र गाळू नका.

पहिली ओळ लिहिण्याआधी मूळ पुस्तक वाचा. तुमच्या स्वतःच्या जुन्या चित्रपटावरून नवा चित्रपट काढाल तर प्रत घेताना प्रत फिकी होत जाते, तशी गोष्ट फिकी होते. कोलोदीचा रहाट, टोपल्या, लुचिन्योलोचं मरण, रंगवलेली चूल हे सगळं तुमच्या १९४० च्या चित्रपटातही नव्हतं. तुम्हाला नवं काही करायचंच होतं तर ते सगळं तिथे तुमची वाट बघत होतं.

पिनोकिओ शोधणाऱ्या मुलासमोर १९४० चा चित्रपट आधी येऊ द्या. आणि तो मराठी आवाजात आणा. आमच्या मुलांना गोष्ट कळायला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागू नये. त्यातली गाणी मराठीत लिहिणारे, परीला आवाज देणारे, कोल्ह्याचं काम झोकात करणारे कलाकार आमच्याकडे भरपूर आहेत.

आणि माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्या. तो शेवटी मुलगा झाला की नाही? तुम्ही गोष्ट सांगायला बसलात, मग ऐकणाऱ्याला हे सांगणं तुमचं काम होतं.

येत्या शनिवारी मी रहाटाचं प्रकरण सांगणार आहे. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी पुढे येऊन बस. तुमचं उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल, मी ते वर्गात मराठीत वाचून दाखवीन.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक,
सिंधुदुर्ग